दाजींची गाडी मिसिंग मारते

त्याला सगळे कानसेन म्हणत. तानसेन होणं जमलं नाही तर निदान कानसेन तरी व्हावं, ही म्हण या माणसानं फारच मनावर घेतली होती. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण मोटरसायकल गल्लीत शिरली की आपल्या दुरुस्तीच्या दुकानात स्टुलावर बसल्या बसल्या तो सांगायचा, "चेन सैल आहे. मागचं लायनरही घासतंय." गिऱ्हाइकानं तोवर हेल्मेटसुद्धा काढलेलं नसायचं.

कार्बोरेटर जाऊन इंजेक्शनच्या गाड्या आल्या तेव्हा त्याच्या वयाच्या बऱ्याच मेकॅनिकांनी नाकं मुरडली. गाडीला मेंदू कशाला हवा, चालवणाऱ्याला नसला तरी चालतं, असे विनोद झाले. कानसेननं विनोद ऐकले, हसला, आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या वयाच्या पोरांच्या शेजारी बाकावर बसून तो सगळा प्रकार शिकून आला. गाडीचा बिघाड वाचून दाखवणारा स्कॅनर घेतला. तरी स्कॅनर जोडण्याआधी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तो इंजिनाला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. "यंत्राला विचारलं तर सांगतं," म्हणायचा, "कान न विचारता सांगतो."

आणि मग तो कानच सांगेनासा झाला.

आधी उजवा गेला, मागोमाग डावाही मंद झाला, पण एकदम काही गेलं नाही. घराची बेल गेली, मग पाखरांचे आवाज गेले, मग गाडीची किल्ली फिरवल्यावर पेट्रोलचा पंप दोन क्षण 'ऊंऽऽ' करतो ना, तो आवाज गेला. इंजेक्शनच्या गाडीत तो आवाज म्हणजे गाडीचा पहिला श्वास. तो ऐकल्याशिवाय कानसेन पुढे जात नसे. आता तो टाकीवर तळहात ठेवून पंपाची थरथर बघायला लागला आणि ही आपली नवी पद्धत आहे असं लोकांना सांगायला लागला. स्टूल फिरवून ठेवलं, डावा कान गिऱ्हाइकाकडे, उजवा रस्त्याकडे. बायकोनं एकदा विषय काढला तर म्हणाला, "तू पुटपुटतेस." बिचारी संसारभर खणखणीत बोलत आलेली बाई, पण तिनं वाद घातला नाही. नाकावर माशी बसू न देणाऱ्या नवऱ्याशी कोणत्या गोष्टीवरून भांडायचं आणि कोणत्या नाही, हे तिला आता पाठ झालं होतं.

दाजींना ते पाठ नव्हतं.

दाजी म्हणजे कानसेनच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नळाचे मीटर वाचायचं काम. दिवसभर मोटरसायकलवरून गल्लीबोळ, एका दारातून दुसऱ्या दारात, आणि तोंडाला विसावा नाही. काम संपलं की मेव्हण्याच्या दुकानात येऊन पायरीवर बसायचे, कानसेनचे हात चाललेले बघायचे आणि जगातल्या सगळ्या विषयांवर मत द्यायचे. कानसेनला मनातून हा माणूस फार आवडायचा. दोघं एकमेकांना 'तुम्ही' म्हणत आणि तेवढा एक 'तुम्ही' सोडला तर दुसरा कुठलाही मान एकमेकांना देत नसत.

एके दिवशी दाजी म्हणाले, "कानसेन, गाडी मिसिंग मारते. खराब रस्त्यावर अडखळते. आणि मजा ऐका, अडखळते तेव्हा पंप पुन्हा गुणगुणतो. चालत्या गाडीत."

कानसेननं गाडी चालू केली, रेस केली, स्क्रू-ड्रायव्हर लावला. काही नाही. पंप गुणगुणत असला तरी तो आवाज त्याला ऐकू येणारच नव्हता आणि ते त्याला माहीत होतं. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. तो म्हणाला, "चालत्या गाडीत पंप गात नाही, दाजी. तुमचेच कान वाजताहेत."

दाजी म्हणाले, "आमचे वाजतात तरी. तुमचे बंद पडलेत वाटतं."

उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं, नेहमीसारखा फटका मारला तो नेमका गळवावर बसला. गिऱ्हाइकं खो खो हसली. कानसेननं हातातलं फडकं खाली ठेवलं आणि म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे. घेऊन जा."

तेव्हापासून अबोला. दाजी दोनदा पायरीपर्यंत आले, कानसेननं मान वर केली नाही. मग यायचे थांबले.

आणि मग एका भरदुपारी, दुकानाच्या गल्लीच्या तोंडाशी, मोठा रस्ता ओलांडून आत वळताना दाजींची गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडली. मागून ट्रक येत होता.

सगळ्या गल्लीनं तो आवाज ऐकला. शेजारचा किल्लीवाला हातातली कानस टाकून धावला, समोरच्या बायका गॅलरीत आल्या. कानसेन स्टुलावर बसून एक इंजेक्टर उजेडाकडे धरून बघत होता. उजवा कान रस्त्याकडे. किल्लीवाल्यानं परत येऊन त्याचा खांदा गदागदा हलवला तेव्हा त्याला कळलं. "अहो, ऐकू येत नाही का तुम्हाला?" किल्लीवाला ओरडला. तो घाबरून ओरडला होता, पण कानसेनच्या मनात ते वाक्य जे रुतलं ते रुतलंच.

लोक सांत्वनाला आले, म्हणाले, वेळ आली होती. कोणी त्याला बोल लावला नाही. कसा लावणार? दाजी काय सांगून गेले होते आणि यानं त्यांना कसं वाटेला लावलं होतं, हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. ती गिऱ्हाइकं हसून विसरून गेली होती.

त्यानंतर त्या मेलेल्या कानात आवाज यायला लागला. चालत्या गाडीचा आवाज, मधेच एक ठोका गाळलेला. पुन्हा चालू, पुन्हा एक ठोका गाळलेला. डॉक्टर म्हणाले, कान गेला की मेंदू रिकाम्या जागी आवाज तयार करतो, बऱ्याच जणांना होतं, कुणाला शिट्टी ऐकू येते, कुणाला रातकिडे. कानसेननं विचारलं, "ओळखीच्या गाडीचा आवाज येतो का कुणाला?" डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं आणि झोपेची गोळी लिहून दिली.

जेवता जेवता तो घास हातात धरून थांबायचा. बायकोला वाटायचं मीठ जास्त झालं. तो मोजत असायचा, पुढचा ठोका येतो की गळतो.

बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी त्यानं समोर बघितलं तर गल्लीतून बहीण ती गाडी ढकलत आणत होती. दाजींचीच गाडी. वाकलेलं हँडल आणि पायदान कुणीतरी सरळ केलं होतं, टाकीला एक खोल पोचा तसाच होता. कानसेनच्या काळजाचा ठोका चुकला. आवाज न करता ती गाडी त्याच्याकडे येत होती आणि तो मात्र तिचा आवाज ऐकत होता.

"तू चालवतेस ही?" त्यानं विचारलं.

"यांनीच शिकवली होती. कामावर जायला दुसरं काय आहे?" ती त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. "दादा, सरळ रस्त्याला बरी चालते. वळायला लागले की दगा देते. आत्ता पण तिथेच बंद पडली. गल्लीच्या तोंडाशी."

"विकून टाक."

"नाही विकणार."

"मग भंगारात घाल! त्या गाडीनं एक माणूस नेला, आता तुला न्यायची वाट बघतेस?"

"ओरडू नकोस. मला ऐकू येतं," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "वळताना कुणीतरी किल्ली फिरवतं, दादा. बंद करतं आणि लगेच चालू करतं. मी शपथेवर सांगते. माझे दोन्ही हात हँडलवर असतात. कोण फिरवतं ते मला सांग. ते कळेपर्यंत ही गाडी मी सोडणार नाही."

ती गाडी ठेवून पायी निघून गेली.

कानसेनला आता दोन्हीकडून सुटका नव्हती. बिघाड सापडला नाही तर ही हट्टी बाई एक दिवस त्याच जागी तशीच जाईल. आणि सापडला, तर दाजी ज्या दिवशी दारात उभे होते त्या दिवशीही तो तिथेच होता का, हे कळेल. म्हणजे आपण माणूस मारला की नाही, हे कळेल. इतके महिने त्याचा जीव टांगणीला होता तो याच एका प्रश्नापायी, आणि उत्तर आता स्टँड लावून दुकानात उभं होतं.

त्यानं रीतसर सुरुवात केली. जुनं पेट्रोल काढलं, बाटलीत भरून उजेडाला धरलं, पाणी नव्हतं. प्लग काढला, तांबूस, निरोगी. एअर फिल्टर साफ. थ्रॉटल बॉडीत काजळी होती ती धुतली. इंजेक्टर काढून फवारा बघितला, सरळ आणि बारीक. बॅटरीची टोकं घट्ट. साइड स्टँडचा स्विच हलवून हलवून पाहिला, कारण तो मनात आला की गाडी बंद करतो आणि भल्याभल्यांना वेड लावतो. त्यातही काही नाही. स्कॅनर जोडला. स्कॅनर म्हणाला, तक्रार नाही.

दाजींनाही त्यानं हेच सांगितलं होतं.

स्टँडवर गाडी इतकी गुळगुळीत चालायची की त्याचा संताप व्हायचा. "बोल ना!" तो गाडीला म्हणायचा. किल्लीवाला शेजारून डोकावून जायचा आणि परत फिरायचा. सीटवर दाजींच्या बसण्याचा खळगा होता. ते जरा डावीकडे कलून बसायचे, मीटरची पेटी उजव्या खांद्याला असायची म्हणून. कानसेन त्या सीटवर बसायचं टाळायचा. शेजारी उकिडवा बसून काम करायचा आणि गुडघे दुखले की उगाच स्वतःवर चिडायचा.

एका सकाळी शटर उघडलं तर गाडीचं हँडल वळलेलं. रात्री सरळ ठेवलं होतं, निदान त्याला तसं वाटत होतं. आता पुढचं चाक रस्त्याकडे बघत होतं, उजवीकडे, जणू कुणीतरी बसून निघायच्या बेतात होतं. जमीन उतरती आहे, त्यानं स्वतःला सांगितलं. जमीन दुकान घेतल्यापासून उतरती होती. मग आजवर एकाही गाडीनं मान का वळवली नव्हती? मनात पाल चुकचुकली ती दिवसभर चुकचुकत राहिली.

घरी बायको म्हणाली, "ती गाडी आल्यापासून तुम्ही घरात नसता."

"समोर तर बसलोय."

"तुम्हाला नक्की काय शोधायचंय? बिघाड की दाजी?"

त्यानं उत्तर दिलं नाही. तिला वाटलं, ऐकू गेलं नसेल. पण त्यानं ऐकलं होतं, आणि त्याला दोन्ही हवं होतं.

शेवटी तो सीटवर बसला. त्या खळग्यात बसला, गाडी बाहेर काढली आणि मोठ्या रस्त्यानं लांब चक्कर मारून आला. गाडी सुरेख चालली. खड्ड्यांतून नेली तरी चालली. परत येताना गल्लीचं तोंड दिसलं. इथे वेग पार कमी करावा लागतो, हँडल जवळजवळ पूर्ण उजवीकडे मोडावं लागतं, मग गाडी रस्ता आडवा कापून आत शिरते. त्यानं दोन्ही बाजू बघितल्या. हँडल वळवलं.

इंजिनानं एक ठोका गाळला.

त्याच क्षणी गुडघ्यांमधली टाकी थरथरली. दोन्ही मांड्यांना कळली ती थरथर. पंप. किल्ली फिरवल्यावर घेतो तो श्वास, तसाच्या तसा, चालत्या गाडीत. मग पुन्हा एक ठोका गळाला, पुन्हा थरथर, आणि इंजिन गेलं. तो रस्त्याच्या मधोमध उभा होता आणि डाव्या कानात बसचा हॉर्न फुटत होता. बस जेमतेम थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. किल्लीवाला धावत आला आणि त्यानं गाडीला हात लावून त्याला कडेला ओढलं.

"काय झालं? अहो, काय झालं?"

"गुणगुणला," कानसेन म्हणाला. "खरंच गुणगुणला. ते सांगत होते ते खरं होतं."

किल्लीवाल्याला काही समजलं नाही. त्यानं पाणी आणून दिलं.

आता बिघाड लपून राहणार नव्हता. पंप तो श्वास एकदाच घेतो, किल्ली लावल्यावर. मधेच पुन्हा घेतला तर त्याचा अर्थ एकच, गाडीच्या मेंदूची वीज तुटली आणि परत आली. बहीण म्हणत होती तेच, कुणीतरी किल्ली बंद करून चालू केली. किल्ली तर जागची हलली नव्हती. म्हणजे किल्लीकडून निघणारी वायर. कानसेननं दुकानात किल्ली लावली, टाकीवर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हातानं हँडल हळूहळू उजवीकडे वळवत नेलं. शेवटच्या टोकाला पोचताच तळहाताखाली थरथर झाली. हँडल परत आणलं, पुन्हा नेलं. पुन्हा थरथर. हँडल नेलं की कुणीतरी श्वास घ्यायचं.

त्यानं पुढचा दिवा खोलला. हँडलच्या मानेपाशी वायरींचा जुडगा होता, आणि जुडग्याला टायरच्या ट्यूबची काळी पट्टी बांधलेली होती.

हात तिथेच थांबला. या सगळ्या भागात वायरी ट्यूबच्या पट्टीनं बांधणारा मेकॅनिक एकच. प्लास्टिकची पट्टी वायर कापते म्हणून जुन्या ट्यूब कापून त्यांच्या पट्ट्या करायच्या, ही कानसेनची पद्धत. लोक हसायचे, चिकट माणूस म्हणायचे, पण त्याच्या हातची गाडी कुठेही उघडली तरी ओळखू यायची. ही पट्टी म्हणजे त्याची सहीच.

तो खाली बसला. म्हणजे आपणच. नुसतं परत पाठवून नाही, स्वतःच्या हातानं.

बऱ्याच वेळानं त्यानं दिवा जवळ ओढून पुन्हा बघितलं, तेव्हा दिसलं. तो पट्टीला गाठ कधी मारत नसे. चार वेढे द्यायचे आणि टोक वेढ्याखाली खोचायचं. इथे गाठ होती, गाठीवर गाठ होती, आणि तिसरीही होती. तो मानेपाशी वायरींना मोकळा वळसा ठेवायचा, हँडल फिरलं तर वायर ओढली जाऊ नये म्हणून. इथे जुडगा गाडीच्या मानेला करकचून आवळला होता. पट्टीखाली कंपनीची प्लास्टिकची पकड तुटलेली होती. ही तुटल्यामुळे जुडगा लोंबकळत होता, खड्ड्यात हिसके खात होता आणि गाडी मिसिंग मारत होती. दाजी घेऊन आले होते तो बिघाड हा. दिवा खोलून कुणी नुसता बघितला असता तरी दिसला असता.

दाजींनी मग स्वतःच खोलून बघितला होता. पायरीवर बसून इतकी वर्षं जे पाहिलं ते केलं होतं. ट्यूब घेतली, पट्टी कापली, वेढे दिले, अगदी कानसेन देतो तसे. फक्त वळसा मोकळा का ठेवायचा, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कानसेननं त्या वायरीवरचं आवरण हळूच चिरलं. आत तांब्याच्या जवळजवळ सगळ्या तारा तुटल्या होत्या, दोन-तीन केसांवर सगळा कारभार चालू होता. वरून मात्र वायर धडधाकट दिसत होती.

आता त्याला सगळं कळलं होतं, आणि यातलं काय सांगायचं हा प्रश्न पुढे आला. 'तुझ्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं ती वायर तोडली,' हे बहिणीला कसं सांगायचं? मेलेल्या माणसावर मरणाचा आळ कसा घालायचा? त्यापेक्षा दुसरं सोपं होतं. पट्टी त्याच्याच पद्धतीची होती. ती बघून कुणीही हे त्याचंच काम म्हटलं असतं. त्यानं वायर नवी टाकली, मोकळा वळसा ठेवून बांधली, जुनी पट्टी टेबलावर ठेवली आणि बहिणीला निरोप पाठवला.

ती कामावरून थेट आली. दुपार कलली होती.

"सापडलं?"

"सापडलं." त्यानं पट्टी दाखवली, वायर दाखवली, हँडल वळवलं की काय होत होतं ते समजावून सांगितलं. ती एकाग्र होऊन ऐकत होती.

"घट्ट बांधल्यामुळे तुटली?"

"घट्ट बांधल्यामुळे."

"कुणी बांधली?"

"मी. मागे सर्व्हिसिंगला आली होती तेव्हा. वळसा सोडायचा राहून गेला." तो म्हणाला. "माझ्या हातून झालं, धाकटे. तुला बोलायचं ते बोल."

तिनं पट्टी उचलली. गाठीवरून अंगठा फिरवला.

"तू अशी गाठ मारतोस?"

"घाईत मारली असेल."

"दादा, खोटं बोलायला लागलास की तू फडक्याची घडी घालतोस. लहानपणापासून."

त्यानं हातात बघितलं. फडक्याची चौकोनी घडी झाली होती.

"ही यांनी बांधली," ती म्हणाली. "आमच्या जिन्याखाली. टॉर्च मी धरला होता."

कानसेननं फडकं टेबलावर ठेवलं.

"मी म्हटलं होतं, दादाकडे न्या, तो काय खाणार आहे का तुम्हाला. तर म्हणाले, नाही, आधी मीच दुरुस्त करतो, मग नेऊन दाखवतो, बघू कसा बोलत नाही ते. वायर हलली की गाडी अडखळते हे यांनी शोधून काढलं. इतके खूश झाले, सांगू! बांधताना म्हणाले, दादा इथे जरा ढील ठेवतो, का ठेवतो कुणास ठाऊक. मी म्हटलं, दादाचं दादापाशी, सैल राहिली तर पुन्हा हलेल, तुम्ही घट्ट बांधा." तिनं पट्टीचं टोक ओढून दाखवलं. "यांच्या हातानं पट्टी ओढली जात नव्हती, खांद्याचं दुखणं होतं ना. मग टॉर्च दातात धरला आणि दुसरं टोक मीच ओढलं. गाठीवर गाठ मीच मारली."

बाहेर किल्लीवाल्याची कानस चालू होती.

"मग गाडी छान चालायला लागली. त्या दिवशी तुझ्याकडेच येत होते ते, दाखवायला. मी जेवणाचा डबा हातात दिला आणि म्हटलं, भांडू नका." ती त्याच्याकडे सरळ बघत होती. "दादा, मला गाडी दुरुस्त करून नको होती. मला एवढंच विचारायचं होतं. सगळे म्हणतात, तुझा काय दोष. त्यांना माहीतच नाही मी काय केलंय ते. आता तुला माहीत आहे. माझ्यामुळे झालं का?"

'नाही' म्हणणं अगदी ओठांवर होतं. सगळ्यांनी तेच म्हटलं होतं, तिलाही आणि त्यालाही. इतके महिने लोकांचं ते 'नाही, नाही' ऐकून घरी जायचं आणि आत एकट्यानं 'हो' म्हणत पडायचं, हे कसं असतं ते त्याला चांगलं ठाऊक होतं. तीही रोज तेच करत आली होती, चार गल्ल्या पलीकडे.

"हो," कानसेन म्हणाला. "त्या गाठीमुळे झालं."

ती बाकावर बसली. मान हलवत राहिली. कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिचं ऐकून घेतलं होतं.

"पण ते आधी माझ्याकडे आले होते," तो म्हणाला. आता थांबता येत नव्हतं. "पंप गुणगुणतो म्हणाले. मला तो ऐकू आला नाही. मला उजव्या कानानं काहीच ऐकू येत नाही, धाकटे, कधीपासून येत नाही. ते कबूल करायची लाज वाटली म्हणून मी त्यांना चारचौघांत वेड्यात काढलं. नुसता दिवा खोलला असता तर तुम्हाला जिन्याखाली बसायची वेळच आली नसती. तू गाठ मारलीस ती मी त्यांना परत पाठवलं म्हणून. मोठा वाटा माझा आहे."

"तुझा नाही. ओढली मी."

"ओढायची वेळ कुणी आणली?"

"तू बोलला नाहीस, एवढंच. मी हातानं केलंय. मोठा माझा."

"ऐक माझं..."

"नाही ऐकणार! आईनं काहीही वाटून दिलं तरी मोठा वाटा तूच घेत आलास, थोरला म्हणून. हा नाही देणार मी तुला."

तिचा आवाज चढला, त्याचाही चढला. वडिलांच्या घराची वाटणी झाली तेव्हा या दोघांनी कागद न वाचता सह्या केल्या होत्या, आणि आज तीच दोघं तो दोष एकमेकांच्या हातातून ओढून घेतल्यासारखी भांडत होती. आरडाओरडा ऐकून किल्लीवाला दाराशी आला. दोघंही रडत होती, दोघंही 'माझा, माझा' म्हणत होती. काय वाटून घेताहेत ते त्याला कळलं नाही. तो थोडा वेळ उभा राहिला आणि त्यांच्यापाशी आत गेला.